फेन्ना विएर्समाचे दोन पाठराखे

'एकटेपणाशी मैत्री' ही कार्यशाळा पुरेशी माणसं न जमल्यामुळे रद्द झाल्याचं पत्र सोमवारी सकाळी आलं. कमीत कमी सहा जण लागत होते. नाव एकीनंच दिलं होतं, आणि आता तीच ते पत्र वाचत होती.

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'खचून जाऊ नका. तुमच्यासारखे अनेक आहेत.' ते कुठे बसतात, हे मात्र कोणी लिहिलं नव्हतं.

तसं फेन्नाला एकटेपणाचं काही एवढं नव्हतं. निदान ती तसं म्हणायची. तिला फक्त दोन माणसं हवी होती, आणि ती शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. तिचा प्रबंध पुरा झाला होता. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला, दुपारी दोन वाजता, मोठ्या दालनात झगेवाल्या सात प्राध्यापकांसमोर उभं राहून तिला तो वाचवायचा होता. आणि तिथे उमेदवाराच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक पाठराखा असावा लागतो. काळा कोट, पांढरा टाय, तोंड बंद. पूर्वी म्हणे वाद रंगला की प्राध्यापक अंगावर धावून यायचे, म्हणून दोन धट्टेकट्टे मित्र सोबत न्यायची पद्धत पडली. आता प्राध्यापक बसल्या जागेवरूनच मारतात, तरी पाठराखे राहिले. फॉर्मवर दोन रकाने होते आणि दोन्ही भरल्याशिवाय तारीख पक्की होत नव्हती.

बाकीच्यांचं हे काम चहा ढवळता ढवळता होऊन जातं. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला मित्र. फेन्नाची बहीण न्यूझीलंडमध्ये आठ महिन्यांची गरोदर होती. राहिले बाबा. देशाच्या पार उत्तरेला, फ्रीसलंडमधल्या गावी त्यांच्या सत्तर गाई होत्या.

"मी येईन की," बाबा फोनवर म्हणाले होते. "पण तसला कोट घालून पुढे उभा राहणार नाही. हसतील लोक. तुझ्या मैत्रिणी आहेत ना एवढ्या. मागे वाढदिवसाला केक घेऊन आल्या होत्या, त्यातल्या दोघींना सांग."

"हो," फेन्ना म्हणाली. "त्यातल्याच दोघींना सांगते."

केक आणणाऱ्या मैत्रिणी तिनं वाढदिवसाच्या फोनपुरत्या तयार केल्या होत्या. चार होत्या. एकीला तर अंडं चालत नव्हतं.

यात फेन्नाचा स्वभाव तेवढा कारणीभूत नव्हता. बांधाखालून पाणी कसं झिरपतं आणि जाताना वाळू कशी घेऊन जातं, हा तिचा विषय. त्यासाठी विभागाच्या तळघरात आठ मीटर लांबीची काचेची टाकी होती. खाली वाळू, वर चिकणमाती, एका टोकाला पाणी. दर सहा तासांनी जाऊन बघायचं, वाळू सरकली का. बहुतेक वेळा सरकलेली नसायची. मग 'नाही' असं लिहायचं. असे चारशे बारा दिवस. नोंदी आपोआप घेणारं यंत्र मंजूर झालं होतं, ते चारशे तेराव्या दिवशी आलं. सुरुवातीला इल्सं नावाची एक मुलगी जोडीला होती. ती कॅनडाला गेली आणि तिची खुर्ची वरच्या मजल्यावर गेली. मार्गदर्शक प्राध्यापक हावरकाम्प फेन्नाचं सगळीकडे कौतुक करायचे. "पोरगी किती स्वतंत्र आहे," म्हणायचे. ते दुसऱ्या वर्षी एकदा तळघरात आले होते, तेव्हा तुळईला डोकं आपटलं. त्यानंतर ते तिला जास्तच स्वतंत्र समजायला लागले.

वरच्या मजल्यावरच्या एकाला तिनं विचारून पाहायचं ठरवलं होतं. चार वर्षं लिफ्टमध्ये रोज नमस्कार होता. तिनं घसा साफ केला आणि म्हणाली, "माझी तारीख ठरली."

"अरे वा, फ्रांका," तो म्हणाला. "अभिनंदन."

आता फ्रांका नावाच्या बाईनं त्याला कुठल्या तोंडानं विचारायचं? ती पुढच्याच मजल्यावर उतरली. तिथे तिचं काही काम नव्हतं.

तर ते पत्र घेऊन फेन्ना 'खंबीर'च्या ऑफिसात गेली. 'खंबीर' म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांच्या उमेदीसाठी आणि प्रगतीसाठी विद्यापीठानं काढलेला उपक्रम. ऑफिसात बसायला खुर्च्या नव्हत्या, दाणे भरलेल्या रंगीबेरंगी मऊ गोण्या होत्या. त्यांत माणूस एकदा बसला की उठताना त्याचा खंबीरपणा कळायचा. उपक्रमाची समन्वयक मार्लूस पिवळ्या काड्यांचा चष्मा लावायची आणि समोरच्याला ताप असल्यासारखी बोलायची.

"अगं, मलाच इतकं वाईट वाटलं," मार्लूस म्हणाली. "ते पत्र पाठवताना मी थांबले होते."

"किती वेळ?"

"चांगला मिनिटभर."

"मग माझ्या एकटीसाठी घे ना कार्यशाळा. विषय तोच आहे."

"तसं नाही गं करता येत. तिसऱ्या तासाला गोल करून हात धरायचे असतात."

फेन्नानं मनातल्या मनात एकटीचा गोल करून पाहिला आणि मार्लूसचं म्हणणं तिला पटलं.

"तुला नक्की काय होतंय?" मार्लूसनं एक कार्ड पुढे केलं. "एक ते दहा. दहा म्हणजे खूप एकटं."

फेन्नानं चार लिहिले. ती पाच वर्षं चारच लिहीत आली होती. चार लिहिले की कोणी घाबरून फोन करत नाही आणि कोणी खोटारडी म्हणत नाही.

"चारच ना," मार्लूसचा जीव भांड्यात पडला. "मग तुला मैत्रजोड पुरेल. साठ प्रश्न आहेत. यंत्र तुझ्यासारखंच कोणीतरी शोधून काढतं. नावं लपवलेली असतात, म्हणजे आधीच मत बनत नाही. भेटलात की कळतं."

असलाच काहीसा फॉर्म फेन्नानं विद्यापीठात पाऊल टाकलं तेव्हाही भरला होता. तेव्हा तो भरणाऱ्याला पाण्याची बाटली मिळायची. आता बाटली बंद झाली होती, प्रश्न वाढले होते. तिनं साठही उत्तरं खरी लिहिली. यंत्राशी खोटं बोलायला तिला जमायचं नाही.

मंगळवारी उत्तर आलं. 'अभिनंदन. सत्त्याण्णव टक्के जुळणी. इतकी जुळणी आमच्याकडे आजवर झालेली नाही.' खाली जोडीदाराची माहिती होती. फ्रीसलंडची. घरी गाईगुरं. माती आणि पाणी यांत रस. कॉफी काळी. गर्दी नको, एकच माणूस पण खरं हवं.

फेन्नाला आधी विश्वासच बसेना. फ्रीसलंडची, आणि या इमारतींतच कुठेतरी? कुठल्या खोलीत बसत असेल? इतकी वर्षं आपण कँटीनमध्ये एकमेकींच्या मागे रांगेत उभ्या राहिलो असू, तिनं शेवटचं सँडविच उचललं असेल आणि आपण मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. तिनं पांढरा शर्ट इस्त्री केला. आरशासमोर बोलून पाहिलं. पहिल्याच भेटीत पाठराखी होतेस का म्हणून विचारणं बरं दिसेल का? नाही दिसणार. पण शुक्रवार तीन दिवसांवर होता. दुसऱ्या कपाच्या वेळी विचारू, असं तिनं ठरवलं.

बुधवारी साडेदहाला ती कँटीनमध्ये पोचली. भेटीच्या टेबलावर कागदी पिवळं निशाण रोवलेलं होतं. तिनं दोन काळ्या कॉफी घेतल्या आणि समोरच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली.

"इथे कोणी आहे?" एका पोरानं खुर्चीवर हात ठेवत विचारलं.

"येतंय."

दहा मिनिटांनी दुसरा आला. "ही घेऊ का?"

"नको. येतंय."

असे चौघे झाले. चौथी होती कँटीनच्या काउंटरवरची बाई. फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "बाळ, माझ्या नवऱ्याची मी एवढी वाट पाहिली नव्हती. त्याचं काय झालं ते बघ, आला." फेन्नानं हसून दाखवलं. साडेअकराला तिनं दुसरी कॉफी पिऊन टाकली. ती गार झाली होती, पण फेकायला तिला जड गेलं.

घरी जाऊन तिनं मैत्रजोडवर कळवलं, 'जोडीदार आली नाही.' मग कोणा गरीब पोरीवर ठपका बसायला नको म्हणून तिच्यासाठी निरोपही लिहिला. 'काही हरकत नाही. मीही दाराबाहेर तीनदा घुटमळले. मला राग आलेला नाही. उद्या त्याच वेळी, त्याच टेबलावर येते. तू नुसती लांबून बघून गेलीस तरी चालेल.'

गुरुवारी ती परत गेली. लांबून बघणारे पुष्कळ होते. जवळ कोणी आलं नाही.

दुपारी मार्लूसचा फोन आला. "फेन्ना, तीन वाजता ये. दोन भेटी चुकल्या की यंत्र त्याला भांडण समजतं आणि आपोआप मध्यस्थ बोलावतं. घाबरू नकोस, हार्म फार चांगला आहे."

"भांडण कुठे झालंय? आम्ही भेटलोच नाही."

"तेच त्याला सांग."

हार्म कॉयपर्स हा विद्यापीठाचा मध्यस्थ. पंचवीस वर्षं प्राध्यापकांची भांडणं सोडवून त्याच्या चेहऱ्यावरचे सगळे भाव झिजून गेले होते. त्यानं तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि हातात एक गुळगुळीत दगड होता. ज्याच्या हातात दगड, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

सव्वातीन झाले. तिसरी खुर्ची रिकामीच.

"आपण वेळ फुकट नको घालवूया," हार्म म्हणाला. "ती इथे आहे असं समज आणि खुर्चीशी बोल. पुष्कळदा खुर्चीच जास्त समजूतदार असते."

फेन्नानं दगड घेतला. तो त्याच्या हातानं गरम झाला होता. ती खुर्चीकडे वळली.

"मी चिडलेले नाहीये," ती म्हणाली. "तू आली नाहीस तर नाहीस. पण तू आली असतीस तर मी तुला एक विचारणार होते. उद्या मला दोन नावं द्यायचीत, कोण माझ्या बाजूला उभं राहणार त्याची. आपली ओळख नाही, हे मला कळतं. पण यंत्र म्हणालं सत्त्याण्णव टक्के. माझं सख्ख्या बहिणीशी एवढं जुळत नाही. मला वाटलं, तुझ्यावरही अशी वेळ येईल तेव्हा मी उभी राहीन. एवढंच होतं. तुला माझं लिहिलेलं आवडलं नसेल तर तसं सांगायचंस. नाही म्हणालेलं चालतं मला. काहीच न म्हणालेलं नाही चालत."

हार्मनं खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. तेवढ्यात दार उघडून मार्लूस आली. हातात लॅपटॉप, चेहरा पांढराफटक.

"भांडण झालं की नावं उघडतात," ती म्हणाली. "मी उघडली."

"कोण आहे?" फेन्ना उठून उभी राहिली. "ती बरी आहे ना?"

मार्लूसनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. जोडीतली पहिली, फ. विएर्समा, कर्मचारी क्रमांक अमुक. जोडीतली दुसरी, फ. विएर्समा, विद्यार्थी क्रमांक तमुक.

घोळ साधा होता. या देशात माणूस एमएससीपर्यंत विद्यार्थी असतो आणि प्रबंधाला बसला की पगारी नोकर होतो. क्रमांक नवा, पत्ता नवा, टपालपेटी नवी. जुनं कोणी पुसत नाही, पाण्याच्या बाटलीवाला तो फॉर्मसुद्धा. यंत्राच्या लेखी या विद्यापीठात एक फेन्ना शिकत होती आणि एक नोकरी करत होती, आणि दोघींचं एकमेकींशी कमालीचं पटण्यासारखं होतं. तीन टक्के जुळले नव्हते, कारण विद्यार्थिनी फेन्नाला नाचायला आवडायचं.

"म्हणजे मीच आले नाही," फेन्ना म्हणाली.

"तू आलीस गं. पण तू... तू नाही आलीस."

"मी दोघींपैकी कोणाचीच बाजू घेणार नाही," हार्म म्हणाला. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

जुनी टपालपेटी उघडली. दोनशे चौदा पत्रं न वाचलेली. सगळ्यांत वर, 'काही हरकत नाही. मीही दाराबाहेर तीनदा घुटमळले.' फेन्नानं ते पहिल्यांदाच, आपल्याला आलेलं म्हणून वाचलं. बाई चांगली वाटत होती. अशा बाईला कोणी एवढं ताटकळत ठेवायला नको होतं.

मार्लूस मटकन तिसऱ्या खुर्चीवर बसली. "यंदा ही एकच जोडी जमली होती," ती म्हणाली. तापाचा आवाज आता तिचा स्वतःचाच झाला होता. "वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर टाकलीय मी. सत्त्याण्णव टक्के. छापायला गेला."

फेन्नाला तिची दया आली. मग एकदम सुचलं, आणि सुचल्यावर थांबली असती तर विचारलंच गेलं नसतं, म्हणून ती लगेच म्हणाली, "मार्लूस, तू राहशील उभी? पंधरा तारखेला, दोन वाजता. तासाभराचंच काम आहे."

मार्लूसनं फोनमध्ये पाहिलं. पाहता पाहता तिचे डोळे भरले, आणि ते खरे होते. "पंधराला 'कोणीही मागे राहू नये' सप्ताह सुरू होतोय. दोन वाजता माझंच भाषण आहे."

फेन्नानं हार्मकडे पाहिलं.

"मी तटस्थ असतो," हार्म हळूच म्हणाला. "कोणाच्या बाजूला उभं राहणं नियमात बसत नाही माझ्या." आणि तिच्या हातातला दगड त्यानं काळजीपूर्वक काढून घेतला. तो ऑफिसचा होता.

शुक्रवारी साडेचारला फेन्ना ओस्टरहोफबाईंच्या दारात उभी होती. ओस्टरहोफबाई म्हणजे विद्यापीठाच्या दंडधारी. समारंभाला काळा झगा घालून, घुंगरांचा चांदीचा दंड घेऊन प्राध्यापकांच्या पुढे चालायचं, आणि बरोबर पाऊण तासानं दालनात येऊन दंड आपटून लॅटिनमध्ये 'वेळ झाली' म्हणायचं, हे त्यांचं काम. त्यांनी तसं म्हटलं की उमेदवारानं अर्ध्या शब्दावर थांबायचं. रेक्टरसुद्धा त्यांच्यापुढे बोलत नसत. आत्ता त्या दंडाला पॉलिश करत होत्या.

"नावं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

फेन्ना येताना दोन नावं रचून आली होती. एक चुलतबहीण, एक शाळेतली मैत्रीण, पत्त्यांसकट. पंधरा तारखेला त्या दोघींना ताप आणायचा, हेही ठरलं होतं. बाबांना एकदा चार मैत्रिणी पचल्या, तर विद्यापीठाला दोन पचायला हरकत नव्हती. तिनं तोंड उघडलं आणि चुलतबहिणीचं नावच आठवेना.

"माझ्याकडे कोणी नाही," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं मोठ्यानं पहिल्यांदाच ऐकलं. फारच छोटं होतं.

"एक नाही की दोन्ही नाहीत?" बाईंनी फडकं उलटं केलं.

"दोन्ही."

"मग सोपं आहे. एक असला की पंचाईत. त्याच्या उंचीचा दुसरा शोधावा लागतो." त्यांनी खालचा खण ओढून एक वही काढली. "बसा. अशा उभ्या काय राहिलात? वर्षाला दोघं-तिघं असतात. तुम्हाला वाटलं तुम्ही पहिल्याच?"

"हो."

"सगळ्यांना तसंच वाटतं. तुमच्याच तळघरातला एक पोरगा आला होता तीन वर्षांपूर्वी. पंपांच्या खोलीतला."

"पंपांच्या खोलीत कोणी बसायचं?" फेन्नानं विचारलं. ती भिंत तिच्या टाकीला लागूनच होती.

"चार वर्षं बसला बिचारा. त्यालाही तुमचा पत्ता नव्हता, असं दिसतंय." बाईंनी डबा उघडून एक बिस्किट दिलं आणि डबा लावून टाकला. "हे बाउकेस. विद्यापीठात माळी होते, आता घरी असतात. एकतीसदा उभे राहिलेत. आणि हे स्वार्ट. चर्चमधले बाजे दुरुस्त करायचे. कोट दोघांचेही स्वतःचे आहेत. कार्यक्रमानंतर तळलेले मांसाचे गोळे गरम मिळाले पाहिजेत, एवढी एकच अट."

"तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी सांगितलं तर ते माझे पाठराखे होतील." बाईंनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "मोठ्यानं बोला. बाउकेसांना ऐकू कमी येतं."

फेन्नानं फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी उचलेना. मग खोकला ऐकू आला.

"कोण?"

"माझं नाव फेन्ना विएर्समा. तुम्ही मला ओळखत नाही."

"काय?"

"ओळखत नाही," फेन्ना ओरडली. "मला पाठराखा हवाय. पंधरा तारखेला, दोन वाजता."

"पंधराला होय. माझा कोट पोटावर लागत नाही हल्ली. उघडा चालेल?"

"चालेल."

"मग येतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

स्वार्टकाका तर त्याहून लवकर हो म्हणाले. फेन्नानं रकाने भरले तेव्हा पाचला दहा कमी होते. सोमवारपासून सगळं विद्यापीठ हलवून जे झालं नाही, ते दोन फोनमध्ये झालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती जिना उतरून तळघरात गेली आणि पंपांच्या खोलीच्या भिंतीवर उगाचच दोनदा टकटक केलं. आत आता झाडू ठेवतात.

पंधरा तारखेला मागच्या खोलीत तिघं तयार बसली होती. बाउकेसकाका उंच, वाकलेले, कोटातून बाहेर आलेलं पोट. स्वार्टकाका ठेंगणे, गुलाबी. उंची जुळवायचं ओस्टरहोफबाईंना या खेपेला काही साधलं नव्हतं.

"कशावर लिहिलंयस, पोरी?" बाउकेसकाकांनी विचारलं.

"बांधाखालून पाणी कसं झिरपतं त्याच्यावर."

"बांधाला उंदीर लागतात," काका म्हणाले. फेन्नाच्या अडीचशे पानांत उंदीर नव्हते. "हे बघ, आत भीती वाटली की डावीकडे बघायचं. मी असतो. उजवीकडे बघू नकोस, हा झोपतो."

"मी डोळे मिटून ऐकतो," स्वार्टकाका म्हणाले.

"घोरत ऐकतो."

दालन मोठं होतं आणि माणसं थोडी. पहिल्या रांगेत वरच्या मजल्यावरचे तिघे-चौघे. हातातल्या पत्रिकेवर 'फेन्ना' वाचून लिफ्टमधल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. दुसऱ्या रांगेत बाबा, एकटेच, गुडघ्यावर टोपी. ते बाउकेसकाकांकडे आणि स्वार्टकाकांकडे आळीपाळीनं बघत होते. यांतली केकवाली कोणती, असा काहीसा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग टेन हावे नावाचे बाहेरून आलेले किडकिडीत प्राध्यापक उठले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त आकडे नीट लावून ठेवायला आवडायचे.

"पान ऐंशी. चारशे बारा दिवस, दिवसाला चार नोंदी. सगळ्या एकाच हाताच्या. दुसऱ्या कोणी पडताळल्या का?"

"नाही."

"मग त्या खरंच त्या वेळी घेतल्या, मागाहून भरल्या नाहीत, हे आम्ही कशावरून धरायचं? नाताळला कोण होतं?"

"मी."

"एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता?"

"मी. तळघरात फटाके ऐकू येत नाहीत."

लोक हसले. टेन हावेही हसले. त्यांनी पान उलटलं. "अकरा फेब्रुवारी. चारही नोंदी आहेत. इथे मागे तुमच्या परिचयात लिहिलंय, हा तुमचा वाढदिवस. निदान त्या दिवशी तरी कोणी मदतीला असेल की. मैत्रीण वगैरे? एक साक्षीदार मिळाला तरी मला पुरे."

लोक पुन्हा हसले. बाबा हसले नाहीत. ते मान वर करून, आता त्या चौघींची नावं ऐकायला मिळणार म्हणून थांबले होते.

एक नाव घेतलं असतं तर प्राध्यापक खूश, बाबा खूश. अंडं न चालणारीचं नावसुद्धा ठरलेलं होतं, सिंतिया. आणि नाही म्हणावं, तर फोनवर ऐकवलेला तो केक बाबांच्या पुढ्यातून उचलून न्यायचा. तिनं डावीकडे पाहिलं.

उमेदवारानं अडल्यावर पाठराख्याशी बोलावं, अशी जुनी मुभा आहे. शंभर वर्षांत ती कोणी वापरली नसेल. बाउकेसकाकांनी मात्र लगेच कानामागे हात धरला आणि पुढे वाकले.

"काय म्हणतोय तो?"

"वाढदिवशी माझ्याबरोबर कोण होतं, विचारतायत," फेन्ना कुजबुजली.

"आं?"

"वाढदिवशी कोण होतं," फेन्नाला ओरडावंच लागलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"होतं का कोणी?"

"नाही."

"मग नाही म्हणायचं," काका त्यांच्या मते हळू बोलले. "त्यात काय विचार करायचाय एवढा."

फेन्ना वळली. टेन हाव्यांच्या चेहऱ्यावर, आपण हे का विचारलं, असं स्पष्ट दिसत होतं.

"कोणी नव्हतं," ती म्हणाली. "सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. चारही वेळा मीच होते. दुपारी बारानंतर बाबांचा फोन आला होता, तेव्हा मी खोटं बोलले. नोंदीत खोटं लिहिलेलं नाही. त्या दिवशी वाळू तीन मिलिमीटर सरकली. ती पहिल्यांदाच सरकली होती, आणि मला कोणाला तरी सांगायचं—"

दार उघडलं. घुंगरं वाजली. ओस्टरहोफबाईंनी दंड आपटून लॅटिनमध्ये वेळ झाल्याचं सांगितलं, आणि फेन्ना नियमाप्रमाणे तिथेच थांबली.

दंडाच्या आवाजानं स्वार्टकाका जागे झाले. संपलं असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यानंच. मग त्यांच्या लक्षात आलं, पण आता थांबणं बरं दिसणार नाही म्हणून आणखी थोड्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बाबांनी टोपी उलटी करून तिच्या आत बघायला सुरुवात केली होती. ती रिकामी होती, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

प्राध्यापक एकामागून एक झगे सावरत निर्णयासाठी बाहेर निघाले. बाउकेसकाका फेन्नाकडे झुकले.

"कधी म्हणालीस वाढदिवस?"

"अकरा फेब्रुवारी."

काकांनी ओठ हलवून ते दोनदा मनाशी घोकलं आणि मान हलवली.

"लक्षात नाही राहायचं माझ्या," ते म्हणाले.

"असू दे," फेन्ना म्हणाली.